दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची

कार्यक्रम सुरू होऊन दोन-तीन रचना झाल्या, की पुढच्या सतरंजीवरून एक प्रश्न हमखास येतो. "गाणारा अजून आला नाय काय?"

पेणपासून रोह्यापर्यंत हा प्रश्न विचारला गेला नाही असं एकही गाव मला आठवत नाही. सुरुवातीला मला फार राग यायचा. आता उत्तर द्यायचं काम आम्ही बबनकडे सोपवलंय. तो आपला भलामोठा चेलो गुडघ्यांत धरून शांतपणे सांगतो, "गाणारा आलाय की. पन त्याला तोंड नाय, तारा हायत." लोक हसतात आणि मग पुढचं बऱ्यापैकी ऐकतात.

संपादकांनी मला 'तुमच्या व्यवसायातले अनुभव' लिहायला सांगितलं, तेव्हा व्यवसाय कुठला ते आधी सांगायला हवं. आम्ही चौघं आहोत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. व्हायोला ही व्हायोलिनची थोरली बहीण, अंगानं जरा मोठी आणि आवाजानं जाड. चेलो जवळजवळ माणसाएवढा, तो खुर्चीवर बसून, पायांमध्ये उभा धरून वाजवतात. तबला नाही, पेटी नाही, निवेदकही नाही. सगळ्या मिळून सोळा तारा आणि त्यांवर घासायचे चार गज. विलायतेत अशा चौघांच्या मेळाला मोठा मान आहे म्हणतात. आमच्याकडे पेणच्या एस. टी. स्टँडवर आम्ही चौघं एकत्र दिसलो, की पानवाला ओरडतो, "आली चांडाळ चौकडी." मानाचं म्हणाल तर एवढंच.

मान खऱ्या अर्थानं मिळतो तो बबनच्या चेलोला. बबन जिते गावचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. मुंबईला आम्ही दोघं स्टुडिओत वाजवायचो. सिनेमाच्या गाण्यामागे व्हायोलिनचा जो ताफा ऐकू येतो, त्यातल्या मागच्या रांगेत मी, आणि भिंतीकडच्या चेलोंत तो. पुढे एका कीबोर्डातून अख्खा ताफा निघायला लागला आणि आम्ही दोघं गावी परतलो. तर हा बबन जित्याला पनवेल-रोहा गाडीत चढतो, तेव्हा कापडी खोळीत गुंडाळलेलं ते पोटाळं वाद्य त्यानं कडेवर घेतल्यासारखं धरलेलं असतं. आमच्या मुलखात असं झाकलेलं, जपून नेलेलं, खांद्याएवढं काही दिसलं की लोकांच्या डोक्यात एकच येतं. बायका पदर सावरतात, पुरुष उठून उभे राहतात. "बाप्पांना बसू द्या हो." बबन एकदाही खरं सांगत नाही. चेलो खिडकीशी बसतो, बबन त्याच्या शेजारी बसतो, आणि मी रोह्यापर्यंत दांडीला लटकत उभा असतो. एकदा तर कुणीतरी खोळीपाशी जास्वंद ठेवलं होतं. त्या दिवशी मला चेलोचासुद्धा हेवा वाटला.

हेवा हा शब्द आला तो बरं झालं. ह्या लेखात तो पुष्कळ वेळा येणार आहे.

आमच्या चौकडीत पहिलं व्हायोलिन श्रीकांतचं. श्रीकांत अष्टमीचा, म्हणजे रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की आलंच त्याचं घर. जन्मभर कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्ट केल्या आणि उरलेल्या वेळात व्हायोलिन वाजवलं. व्हायोला वासंतीताईंकडे. त्या रोह्याच्या शाळेत संगीत शिकवत होत्या, निवृत्त झाल्यावर मी त्यांना गळ घालून व्हायोलिनवरून व्हायोलावर आणलं. आणि दुसरं व्हायोलिन माझं.

दुसरं व्हायोलिन म्हणजे काय, हे मी आजवर शेकडो लोकांना समजावलंय आणि ते समजून घेतल्यासारखं करून श्रीकांतशी बोलायला गेलेत. तरी पुन्हा सांगतो. पहिलं व्हायोलिन गातं. चाल त्याच्याकडे, वरचे सूर त्याच्याकडे, हरकती त्याच्याकडे. चेलो खाली जमीन धरतो. मधली जागा व्हायोलाची आणि माझी. श्रीकांत वर लांब सूर लावून डोळे मिटून बसलेला असतो, तेव्हा त्याखाली मी बारीक गजानं तेच ते दोन सूर विणत असतो. तो थांबला तर ते विणणं ऐकू येतं, पण तो थांबत नाही. आमच्यात हातवारे करून ताल देणारा कुणी नसतो. पहिला वादक गज उचलताना श्वास घेतो, तोच इशारा. बाकीच्यांनी त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. त्याचा गज तारेला टेकतो त्याच क्षणी माझा टेकायला हवा. आधी टेकला तर आगाऊपणा आणि नंतर टेकला तर फजिती. म्हणून मी वर्षानुवर्षं श्रीकांतच्या डाव्या खांद्याकडे बघत बसलोय. त्याच्या सदऱ्याची डावी शिवण मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ओळखीची आहे.

इतक्या वर्षांत कार्यक्रम संपल्यावर लोकांनी पुष्कळ काही विचारलं. चेलो केवढ्याला पडला, वासंतीताईंचे यजमान काय करतात, तारा कशाच्या असतात. पण "तो दुसरा कोण वाजवत होता?" असं एकदाही, एकाही माणसानं विचारलं नाही.

श्रीकांत आणि मी एकाच मास्तरांचे शिष्य. पेणला त्यांच्या ओसरीवर आम्ही दोघं लहानपणी एकाच चटईवर बसून शिकलो. मास्तरांनी एके दिवशी आमचा निकाल लावून टाकला. "अनंता, तू नीट वाजवतोस. श्रीकांत, तू गोड वाजवतोस." बस्स. मी पुढे मुंबईला गेलो, नोटेशन डोळ्यांनी वाचून पहिल्या झटक्यात वाजवायला शिकलो, मोठमोठ्या संगीतकारांच्या हाताखाली काम केलं. श्रीकांत कंपनीत नळ्या हलवत राहिला. परत येऊन मी त्याच्यासमोर बसलो, त्यानं गज टेकवला, आणि मी अजून नीटच वाजवतोय आणि तो अजून गोडच वाजवतोय हे पहिल्या सुरात कळलं. माझ्या पोटात तेव्हा जे दुखलं ते अजून थांबलेलं नाही.

त्यात भर अशी, की चौघांचं सगळं संगीत मीच लिहितो. आरतीची चाल असो, लग्नातली गाणी असोत, कोळीगीत असो, एखादा राग असो, त्याचे चार भाग करून चौघांना वाटून देणं हे माझं काम. आता चाल कुणाला द्यायची? ज्याच्या हातात ती शोभेल त्याला. माझ्यातला लिहिणारा प्रामाणिक आहे, आणि माझ्यातला वाजवणारा त्याला रोज शिव्या घालतो. स्वतःच्या हातानं चांगलं चांगलं त्याच्या ताटात वाढायचं आणि आपल्या ताटात उरलंसुरलं घ्यायचं, हे मी दर हंगामात करत आलो.

शिकवण्यातही तेच. दर शनिवारी पेणला माझा वर्ग असतो. व्हायोलिन धरायला शिकवणं म्हणजे काय ते ज्यानं शिकवलंय त्यालाच ठाऊक. पहिले काही महिने दारावर नखं घासल्यासारखा आवाज येतो. शेजारी खिडक्या लावून घेतात. मान, खांदा, मनगट, अंगठा, एकेक सरळ करत न्यायचं. आणि एकदा का पोरीच्या गजातून बरा सूर यायला लागला, की तिची आई गोड हसून म्हणते, "सर, आता जरा श्रीकांत सरांकडे पाठवू का म्हणते, रोह्याला. ते भाव शिकवतात ना." भाव. म्हणजे मी काय शिकवतो, भाजी चिरायला?

आमचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत चालतो. पावसाळ्यात वाद्यं फुगतात, तारा पिळायच्या खुंट्या अडकून बसतात, गजाचे केस सैल पडतात, त्यामुळे तालमीवरच भागवायचं. गेल्या हंगामाची सुरुवात पेणच्या एका मूर्तिकारांच्या कारखान्यात झाली. गणपती जाऊन महिना उलटलेला, कामगारांना जरा उसंत, तेव्हा मालकांनी सगळ्यांसाठी कार्यक्रम ठेवला. फळ्यांवर पुढच्या वर्षीच्या कच्च्या मूर्ती रांगेनं मांडलेल्या, त्यांच्यासमोर आम्ही. कामगारांनी फार मन लावून ऐकलं. हात दिवसभर बारीक कामात असलेली माणसं दुसऱ्याच्या हाताकडे नीट बघतात.

नंतर चहा पिताना मालक माझ्याशेजारी आले. म्हणाले, "आमच्यात कसं हाय माहितीय का, अंग रंगवणारे दहा असतात. सोनेरी लावणारे, पितांबर करणारे. पन डोळे आखणारा एकच. तो बसला की मूर्ती बघायला लागते. तुमचे ते श्रीकांतभाऊ म्हणजे डोळे आखणारे. आन तुमी..." ते जरा थांबले. भला माणूस होता. "तुमी पितांबर एकदम झकास करता."

मी चहा खाली ठेवला. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण तेवढ्यानं नव्हे. त्याच कार्यक्रमात, वाजवताना, मला आणखी काहीतरी ऐकू आलं होतं आणि ते कुणाशी बोलावं हे कळत नव्हतं.

श्रीकांतची करंगळी पडत नव्हती. व्हायोलिनवर डाव्या हाताची चार बोटं तारेवर चालतात आणि सगळ्यात वरचा सूर बहुतेक करंगळीकडे येतो. तिथे तो हलकेच हात सरकवून तिसऱ्या बोटानं सूर घेत होता. ऐकणाऱ्याला काही कळलं नसतं. पण ज्यानं हा माणूस जन्मभर डाव्या कानाशी बसून ऐकलाय, त्याला तो सरकण्याचा आवाज वाळूच्या कणासारखा टोचला. पुढच्या तालमीत मी करंगळीकडे बघितलं, त्यानं मी बघतोय ते बघितलं, आणि म्हणाला, "मानेतली नस आहे म्हणे. व्यायाम दिलाय." विषय संपला.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा काळजी आली नाही. पहिल्यांदा आली ती खुर्ची. त्याची खुर्ची, उजव्या टोकाची, प्रेक्षकांजवळची. ती रिकामी दिसली मला. मग काळजी आली. पण क्रम हाच होता, आणि तो बदलून लिहिण्यात अर्थ नाही.

त्यानंतर मी पेन्सिल घेऊन सगळ्या रचना पुन्हा लिहायला बसलो. जिथे जिथे करंगळीचा वरचा सूर होता, तो मी त्याच्याकडून काढून माझ्या भागात टाकला. त्यानं चाल चढवत न्यायची, टोकाचा सूर मी अलगद घ्यायचा, आणि तो उतरताना परत त्याच्या हातात द्यायचा. दोन व्हायोलिनांचा आवाज इतका एकजीव करायचा की सांधा दिसू नये. असं काम स्टुडिओत वर्षानुवर्षं मागच्या रांगेत बसलेला माणूसच करू शकतो, हे मी अभिमानानं सांगतो. श्रीकांतनं नवे कागद पाहिले, चष्मा वर केला, खाली केला, आणि वाजवायला लागला. वासंतीताई माझ्याकडे बघत होत्या. "अनंतराव, छान बसवलंय हो," एवढंच म्हणाल्या.

छान बसवलं होतं हे लोकांनी सिद्ध केलं. त्या हंगामात श्रीकांतला कधी नव्हे इतकी दाद मिळाली. टोकाचा सूर लागला की लोक 'वा' म्हणायचे आणि त्याच्याकडे बघायचे. सूर माझा, वा त्याची. मी आतल्या आत असा जळत होतो की हिवाळ्यात मला स्वेटर लागला नसता.

माघात आम्ही खाडीकाठी मिठागरवाल्यांच्या वस्तीवर गेलो. तिथली वाऱ्याची गंमत अशी की तो सुका असतो, खारट असतो, आणि पावसाळ्यात फुगलेली लाकडी खुंटी तेव्हा आकसून सैल पडते. ऐन रंगात श्रीकांतच्या वरच्या तारेची खुंटी सर्रकन फिरली. तार लोंबली. अशा वेळी विचार करायला फुरसत नसते. त्याचा सूर तुटला तिथूनच मी चाल उचलली. वासंतीताईंनी माझं विणकाम आपल्याकडे घेतलं. श्रीकांत खाली वाकला, वासंतीताईंच्या पर्समध्ये मास्तरीणपणाची आठवण म्हणून खडू कायम असतो, तो त्यानं खुंटी घसरू नये म्हणून तिला घासला, तार चढवली, कानाशी धरून लावली, आणि पुढच्या फेरीला अशा काही झोकात आत आला की वस्तीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आजीबाईंनी पुढे येऊन त्याच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "दिष्ट लागल गो बाय, किती ग्वाड वाजीवतो ह्यो लेक." मधली चाल मी वाजवली होती. आजीबाईंना ती त्याचीच वाटली. वस्तीतल्या प्रत्येकाला ती त्याचीच वाटली.

परतीच्या वाटेवर बबन म्हणाला, "आज तुझा हात लय तापला व्हता, अन्या. मी ऐकला." बबनच्या ह्या एका वाक्यावर मी आठवडाभर काढला असेल.

हंगामाचा शेवट रोह्याला होता. श्रीकांतची पंचक्रोशी. कंपनीतले जुने सहकारी, शिष्य, अष्टमीचे शेजारीपाजारी, सगळे येणार होते. तालमीनंतर मी स्टेशनाकडे निघालो तेव्हा तो मला पोचवायला म्हणून आला आणि पुलावर मध्येच थांबला. खाली ओहोटी होती.

"अनंता, रोह्याला पहिला तू बस."

मी व्हायोलिनची पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"तिसरं बोटपण आता कुरकुर करतंय," तो म्हणाला. "टोकाचे सूर तू का घेतोस ते मला कळत नाही काय? लॅबमध्ये होतो मी, कशात काय मिसळलंय ते मला कळतं. दुसऱ्याच्या भागात खालचेच सूर आहेत. तेवढे माझे पडतील अजून."

"तुझ्या माणसांसमोर?" मी विचारलं.

"माझ्याच माणसांसमोर. दुसरीकडे कुठे तरी सोडण्यापेक्षा बरं."

माणसानं अशा वेळी नको म्हणायचं असतं. निदान एकदा तरी. मी "बरं" म्हणालो. गाडीत बसलो आणि पेणपर्यंत मांडीवर पहिल्या व्हायोलिनची बोटं चालवत राहिलो. आयुष्यभर मागितलेली वस्तू आयती पदरात पडली होती. घरी जाऊन मी सगळी पेन्सिल खोडून टाकली. सगळे वरचे सूर, सगळ्या हरकती, जशा मुळात लिहिल्या होत्या तशा. पहिल्या व्हायोलिनच्या कागदावर.

रोह्याच्या त्या सभागृहात मी पहिल्या खुर्चीवर बसलो तेव्हा कुजबूज झाली. "श्रीकांतभाऊ तिकडं का बसले?" मी ऐकलं आणि मान ताठ केली. आता ऐकाच, असं मनात म्हणालो. गज उचलला, श्वास घेतला, सुरू केलं.

नीट वाजवलं मी. एकही सूर चुकला नाही. पहिल्या दोन रचना झाल्या, टाळ्या झाल्या, बेताच्या. काहीतरी कमी होतं आणि काय ते मला कळेना. मग संथ रचना आली. तिच्यात चाल हळूहळू चढत जाते आणि अगदी टोकावर एक लांब सूर आहे, हंगामभर ज्याच्यावर लोक वा म्हणत होते तोच. मी चढत गेलो. श्वास घेतला, टोकाला पोचलो, गज टेकवला, आणि खाली कुणी नव्हतं.

म्हणजे श्रीकांत होता. त्याचे सूर बरोबर होते. पण ते किंचित मागून आले, अर्ध्या श्वासानं. जन्मात कुणाच्या मागून जायची वेळ न आलेला माणूस तो. त्याला माझा खांदा वाचता येत नव्हता. मी सूर लावायचा आणि मग तो ऐकून यायचा. त्या अर्ध्या श्वासात मी वर एकटा लटकत होतो, आणि एकटा सूर काय असतो हे तेव्हा मला कळलं. बारीक, कोरडा, थरथरता. मी घाबरून त्याच्यासाठी थांबलो, तेवढ्यात तो माझ्यासाठी घाईनं पुढे आला, आणि दोघंही चुकीच्या जागी भेटलो. बबननं चेलोचा गज जोरात ओढून रचना कशीबशी पार नेली.

त्या सुरावर कुणी वा म्हटलं नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सभ्य माणसं वाजवतात तशा.

कार्यक्रमानंतर आम्ही दोघं सभागृहामागच्या टपरीवर चहा घेत बसलो. श्रीकांत बराच वेळ आपल्या करंगळीला दुसऱ्या हातानं चोळत होता. मग म्हणाला, "अवघड आहे रे तुझं काम. मला वाटायचं, तू नुसता बसलेला असतोस."

"नुसता बसलेला?"

"म्हणजे, आहेस. पंखा असतो तसा. चालू असला की कुणी वर बघत नाही."

मला इतका संताप आला, की इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं ओठांवर आलं. मी म्हणालो, "श्रीकांत, मी जन्मभर तुझ्यावर जळलो. तुझ्या हातावर, तुझ्या गोडव्यावर, खुर्चीवर, त्या म्हातारीनं तुझी दृष्ट काढली त्याच्यावर. आज कळलं की चुकीच्या गोष्टींवर जळलो. तुझ्याकडे हेवा करण्यासारखं एकच होतं. तुझ्या डाव्या कानाशी मी बसलेलो होतो. आज त्या जागी बघितलं तर मी नव्हतो."

तो हसला नाही. चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "मग शिकव की मला. दुसरा कसा बसतो ते."

आता ह्या वयात त्याला शिकवणं आलं. पावसाळाभर तो दर आठवड्याला पेणला माझ्या घरी आला. माझ्या शनिवारच्या वर्गातल्या आया जिन्यात त्याला बघून हरखायच्या आणि तो शिकायला आलाय हे कळल्यावर पुन्हापुन्हा विचारून खात्री करून घ्यायच्या. मी त्याला माझ्या डावीकडे बसवायचो. कागद बघू नकोस, खांदा बघ. माझा गज कधी सुटतो ते नको बघूस, कधी सुटणार ते बघ. मी श्वास घ्यायच्या आधी माझी मान जराशी खाली जाते, ती पकड. ही मान खाली जाते हे मलाही माहीत नव्हतं, त्याला शिकवताना कळलं. त्यानं पहिले काही आठवडे घोळ घातला. मला बरं वाटत होतं. दुसरा होणं इतकं सोपं नाही, हे कुणाला तरी शेवटी समजत होतं.

पण तो श्रीकांत आहे. श्रावण संपेपर्यंत त्याला माझी मान पाठ झाली. एके दिवशी तालमीत मी मुद्दाम, कागदावर नसलेल्या जागी थांबलो, तर तो माझ्याबरोबर थांबला. मी पुन्हा उचललं तेव्हा त्याचा गज आधीच तारेजवळ होता. वासंतीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद सारखे करत बसलो.

ह्या दसऱ्यानंतर पहिला कार्यक्रम जित्याला झाला. बबनच्या गावचीच शाळा, पटांगणात सतरंज्या, पोरांच्या मागे गावातली मोठी माणसं. संथ रचना घेतली. मी चढत गेलो, टोकाचा सूर लावला, आणि या वेळी त्याच्याखाली श्रीकांत होता. असा होता की सूर मी लावलाच नाही, तो आपोआप उभा राहिला असं वाटावं. तीनच बोटांनी तो माझ्याखाली तेच ते दोन सूर विणत होता. नीट आणि गोडही. इतकी वर्षं मी ते नुसतं नीट करत होतो. हे मला तिथे, पटांगणात, वाजवता वाजवता ऐकू आलं आणि माझ्या पोटात पुन्हा तेच, ओळखीचं दुखणं सुरू झालं.

कार्यक्रम संपला. लोकांनी वा म्हटलं होतं, टाळ्याही भरपूर झाल्या होत्या. मी व्हायोलिन पेटीत ठेवून बबनजवळ उभा होतो, तेवढ्यात बबनची म्हातारी काकू काठी टेकत आली. आधी बबनला विचारलं, मग तो खोळ बांधण्यात गुंतलेला बघून माझ्याकडे वळली. बोटानं दाखवून म्हणाली, "त्यो दुसरा कोन हो? शेजारी बसलेला. त्याच्यामुलं सगलं ग्वाड लागत व्हतं. कोन इचारीत नाय त्याला, पन मी आइकत व्हती."

उभ्या जन्मात मी ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो हाच. शब्दसुद्धा जवळपास तेच.

"श्रीकांत," मी म्हणालो. "अष्टमीचा."

"शिरीकांत," काकूंनी नाव जिभेवर घोळवून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मग मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"आन तुमी? तुमी पन वाजीवता काय?"

बबन खोळीत तोंड घालून हसत होता. मी व्हय म्हणालो.